वाटणी

दसरा-दिवाळीच्या फूलबाजारात झेंडू-शेवंतीच्या ढिगांशेजारी अंग चोरून बसलेला अ‍ॅस्टर आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो मूळचा चीनचा. पण इथे इतका रुळला की पुण्याच्या गणेशखिंडीत त्याचे 'फुले गणेश' नावाचे वाण तयार झाले. त्याचा संसार मात्र एका हंगामाचा. बी पेरावे, फुले खुडावीत आणि झाड उपटून टाकावे!

त्याचा एक रानटी भाऊबंद मला म्हातारपणी भेटला, तो सातासमुद्रापलीकडे. गेली काही वर्षे मी मुलाकडे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये असतो. घरामागच्या ओलसर उतारावर हे झाड उन्हाळाभर मुकाट्याने वाढत असते. केसाळ दांडा, त्याला बिलगलेली पाने, उंची छातीपर्यंत. पण त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. दिवस लहान होऊ लागले, इतर फुलांनी आवरते घेतले, की सप्टेंबरात हे जांभळ्या फुलांनी लहडते. भुंगे नि मधमाश्या त्यावर तुटून पडतात. मेक्सिकोच्या लांबच्या वाटेला लागलेली मोनार्क फुलपाखरे इथे शिदोरी घेतात. चेरोकी लोक याच्या मुळांचा लेप दुखऱ्या अंगाला लावीत. मेस्क्वाकी लोक याची धुरी देऊन बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणीत. याचे नाव न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर.

अ‍ॅस्टर म्हणजे ग्रीक भाषेत तारा. पण गंमत अशी की, ज्याला आपण फूल म्हणतो ते एक फूल नव्हेच! मधला पिवळा ठिपका म्हणजे इवल्या फुलांची दाटी, आणि भोवतालची प्रत्येक जांभळी पाकळी हेही एक स्वतंत्र फूलच. सूर्यफूल, झेंडू, शेवंती या साऱ्या कुळाची हीच रीत. कडेच्या फुलांनी मिरवावे, पाहुण्याला बोलवावे. मधल्यांनी पराग नि मध पुरवावा. एका देठावर नांदणारे असे एकत्र कुटुंब पाहून माझ्यासारख्या वाड्यात वाढलेल्या माणसाला भरून आले, यात नवल ते काय?

पण शास्त्रज्ञांनी या घराण्याचीही वाटणी करून टाकली आहे. लिनीअसने १७५३ साली याला अ‍ॅस्टर या प्रजातीत बसवले होते. १९९४ साली नेसम या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बहुतेक अ‍ॅस्टरांची बिऱ्हाडे वेगळी थाटून दिली. आता याचे शास्त्रीय नाव सिंफिओट्रायकम!

वाटणी हा शब्द मला लहानपणापासून टोचतो. आमच्या वाड्याचे तीन भाग झाले तेव्हा माजघरात भिंत उभी राहिलेली मी पाहिली आहे. परसू आणि त्यातली विहीर तेवढी सामाईक राहिली. आता पुतण्यांना परसूही मोजून हवे होते. त्यांनी पाठवलेला कागद माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. सही करायला हात धजत नव्हता. ते शेवटचे एकत्रपण आपल्या हाताने कसे मोडावे?

एप्रिलात एकदा सूनबाई कुदळ घेऊन त्या झाडाच्या बुडख्याशी बसली होती.

"अगं, चांगलं जगलेलं झाड उपटतेस कशाला?" मी म्हटले.

"उपटत नाही बाबा, वाटणी करतेय. हे बघा, मधलं सगळं वाळून गेलंय."

मी वाकून पाहिले. कडेने लाल-हिरवे कोंब तरारले होते आणि मधोमध नुसते निर्जीव लाकूड. दर दोन-तीन वर्षांनी हे करावेच लागते म्हणे. मुळे एकमेकांत गुंततात, मधला भाग गुदमरतो. दाटीत हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी पडते. तिने मधले वाळके लाकूड खतात टाकले; कडेचे तुकडे दीड-दीड फुटाच्या अंतराने, भरपूर उन्हात लावले. जून संपता संपता शेंडे निम्म्याने खुडले, म्हणजे झाड आडवे पडत नाही.

"मग बी का पेरत नाहीस?" मी विचारले.

"पेरता येतं. पण त्याला आधी दोन महिने ओलाव्यात थंडी द्यावी लागते. आणि बियांची रोपं मूळ झाडासारखीच निघतील असं नाही. हेच झाड हवं असेल, तर वाटणीच करायला हवी."

त्या मधल्या लाकडाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. वाड्याच्या हिशेबात ते लाकूड म्हणजे मीच होतो. पण वाईट वाटले नाही. कडेचे कोंब काही आकाशातून पडले नव्हते. ते त्याच्याच अंगातून फुटले होते. चार दिवसांनी मी कागदावर सही केली आणि खाली पुतण्याला एवढेच लिहिले, की विहिरीची वाट सर्वांना मोकळी असू दे.

वाटणीतला एक तुकडा सूनबाईने शेजारच्या आजीबाईंना दिला, एक नातीने आपल्या शाळेच्या बागेत नेला. सप्टेंबरात तिन्ही ठिकाणी फुले आली. तिन्हीकडे जांभळा रंग अगदी तोच.