टनेल-टीई 10

याला फक्त जाणं माहीत आहे, येणं नाही. समजा मुंबईच्या राउटरवर नागपूरसाठी एक टनेल बांधला. तो नागपूरपर्यंत जाईल. परतीसाठी नागपूरच्या राउटरवर दुसरा बांधावा लागतो, आणि तो याच वाटेने येईल अशी मुळीच हमी नाही. दोघांची एकमेकांशी ओळखही नसते. बरं, स्वतःचा पत्ता म्हणावा तर तोही नाही. राउटरच्या लूपबॅकचा आयपी पत्ता उसना घ्यायचा आणि त्यावर दिवस काढायचे. कॉन्फिगरेशन उघडून पाहा, सगळा संसार सहा-सात ओळींचा असतो: उसना पत्ता, मुक्काम कुठला, बँडविड्थ किती हवी आणि वाट कशी शोधायची.

एवढ्या फाटक्या माणसाची गरज पडली ती बाकीच्या राउटरांच्या हट्टामुळे. ओएसपीएफ किंवा आयएस-आयएसवर चालणारा राउटर जवळची वाट सोडून दुसरं काही बघतच नाही. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांना 1956 साली सुचलेली आणि 1959 साली छापून आलेली रीत तो आजही इमानेइतबारे पाळतो. आता धरून चाला की नागपूरला नाशिक-भुसावळ-अकोला मार्ग जवळचा आणि पुणे-सोलापूर-हैदराबाद मार्ग लांबचा. की सगळी पॅकेटं भुसावळकडेच लोटली जाणार. तिकडची लिंक तुंबली, पॅकेटं गळायला लागली, तरी पुण्याची बाजू मोकळीच. कॉस्ट बदलून पाहिली तर अख्खा लोंढा उचलून पुण्याकडे. दोन्हीकडची कॉस्ट तंतोतंत सारखी केली तर वाटणी होते, पण मोठ्या जाळ्यात एका जोडीचं गणित जुळवलं की दुसऱ्या चार जोड्यांचं बिघडतं. या त्रासाला कंटाळून युयुनेट या त्या काळच्या बड्या अमेरिकी कंपनीतल्या अभियंत्यांनी 1999 साली आरएफसी 2702 मध्ये आपल्या मागण्या लिहून काढल्या, आणि डिसेंबर 2001 मध्ये आरएफसी 3209 ने टनेलला बोलायची भाषा दिली: आरएसव्हीपी-टीई.

बोलायला लागल्यापासून स्वारी कुणाला न विचारता पाऊल टाकत नाही. आधी मुंबईतच नकाशा मांडायचा. कोणत्या लिंकवर किती बँडविड्थ शिल्लक आहे ते प्रत्येक राउटर सगळ्या जाळ्याला कळवत असतो. ज्या लिंकवर आपल्यापुरतीही जागा नाही ती नकाशावरून पुसून टाकायची, आणि उरलेल्यांत जवळची वाट काढायची. म्हणजे डाइक्स्ट्रा इथेही आहेतच, फक्त चाळणी लावून. मग पाथ नावाचा निरोप निघतो. प्रत्येक मुक्कामावर एकच प्रश्न: एवढी जागा मिळेल का? नागपूरपर्यंत सगळ्यांनी होकार दिला की तिथून रिझर्व्ह निरोप उलटा निघतो आणि येताना लेबलं वाटत येतो. अकोला भुसावळला सांगतं, मला या टनेलचं पॅकेट देशील तेव्हा त्यावर 24017 चिकटव. भुसावळ नाशिकला आपला वेगळाच आकडा सांगतं. वीस बिटांचा हा आकडा फक्त त्या दोघांपुरता असतो, पुढच्या मुक्कामी त्याला कुणी विचारत नाही. नागपूरचं तर आणखी न्यारं. ते अकोल्याला आधीच कळवून ठेवतं की लेबल तिकडेच काढ, माझ्याकडे मोकळं पॅकेट पाठव. शेवटच्या राउटरला दोनदा डोकं खाजवावं लागू नये म्हणून केलेली ही सोय मला फार आवडते.

एकदा जागा मिळाली म्हणून निश्चिंत बसणं याच्या स्वभावात नाही. साधारण दर तीस सेकंदांनी वाटेतल्या प्रत्येकाला आठवण करून द्यायची की मी आहे, मला विसरू नका. लागोपाठ काही आठवणी चुकल्या तर वाटेतला राउटर नोंद पुसून मोकळा होतो.

मानापमान मात्र सांभाळावे लागतात. प्रत्येक टनेलला शून्य ते सात असे दोन दर्जे असतात, एक जागा मिळवण्याचा आणि दुसरा मिळालेली जागा राखण्याचा. शून्य सर्वांत वरचा. काही न लिहिता सोडलं तर सिस्कोच्या राउटरवर दोन्ही सात, म्हणजे रांगेत सगळ्यांत मागे. तीनचा दर्जा घेऊन कुणी आला आणि लिंकवर जागा नसली की सातवाल्याला उठावं लागतं.

आणि आता याचं खरं बिंग. एवढी विचारपूस करून मागितलेली बँडविड्थ केवळ वहीतली असते! शंभर एमबीपीएस मागणाऱ्या टनेलमधून प्रत्यक्षात चारशे गेले तरी वेगळा पोलिसिंगचा नियम लावलेला नसेल तर कुणी अडवत नाही. पाच मागून चार वापरणारा आणि पाच मागून पन्नास वापरणारा, वहीत दोघांची इज्जत सारखीच. नव्या मुलांना हे सांगितलं की त्यांना ते पटत नाही. ऑटो-बँडविड्थ लावली तर हा खरा वापर मोजून आपली मागणी अधूनमधून दुरुस्त करतो. पण तेव्हासुद्धा तो दुरुस्त करतो ती वही.

गुण बघायचा तर फायबर तुटल्यावर बघावा. आमच्या धंद्यात फायबर तुटतं म्हणजे बहुतेकदा कुठेतरी जेसीबी चालू असतो. नाशिक-भुसावळ लिंक गेली आणि फास्ट रीराउट आधीच लावून ठेवलेलं असलं, तर नाशिक मुंबईच्या हुकमाची वाट बघत नाही. तुटलेल्या लिंकला वळसा घालणारा एक बगलटनेल आधीच बांधलेला असतो. नाशिक पॅकेटवर आणखी एक लेबल चढवतं आणि त्यात ढकलतं. हे पन्नास मिलिसेकंदांच्या आत व्हावं अशी अपेक्षा असते, आणि नीट बसवलेल्या जाळ्यात होतंही. फोनवर बोलणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मुंबईला खबर मागाहून पोचते. ती शांतपणे नवी वाट बांधते, पॅकेटं तिकडे वळवते आणि मगच जुनी वाट सोडते. दोन्ही वाटा जिथे एकाच लिंकवरून जातात तिथे जागा एकदाच मोजली जाते, नाहीतर स्वारी स्वतःलाच जागा नाकारून बसली असती.

हल्ली याचे दिवस भरत आल्याचं बोललं जातं. तक्रार खोटी नाही. पन्नास राउटर एकमेकांशी जोडायचे तर 2450 टनेल लागतात, आणि त्या प्रत्येकाच्या आठवणी वाटेतल्या राउटरांनी सांभाळायच्या. 2018 च्या आरएफसी 8402 मधल्या सेगमेंट राउटिंगने ही कटकट काढून टाकली: वाट पॅकेटवरच लिहून द्या, मधल्यांनी काही लक्षात ठेवायला नको. छान आहे. पण तिथे मुक्कामामुक्कामावर जागा मागणं नाही, आणि होकार-नकारही नाही. तो हिशेब मग बाहेर बसलेल्या कंट्रोलरला करावा लागतो. कुणीतरी विचारायला हवंच होतं, ते काम फक्त दुसऱ्याच्या गळ्यात गेलं, असं माझं मत.

याची एक खोड कॉन्फिगर करणाऱ्याने ध्यानात ठेवावी. टनेल स्वतःहून कामाला लागत नाही. वाट सापडली, जागा मिळाली, लेबलं वाटून झाली, स्क्रीनवर 'अप' झळकलं, तरी हा रिकामा बसून राहतो आणि पॅकेटं पूर्वीसारखी जवळच्या वाटेने जात राहतात. राउटिंगला याची ओळख करून द्यावी लागते, ऑटोराउट अनाउन्स लिहून नाहीतर स्टॅटिक राउट टाकून. तेव्हा रात्री दोनला मेंटेनन्स विंडो संपवण्याआधी 'अप' बघून लॅपटॉप मिटू नका. टनेलचा पॅकेट काउंटर दोनदा वाचा, आणि आकडा वाढला असेल तरच घरी जा.