उचललेला चेहरा आणि पुढचा काळ

फेसलिफ्ट, म्हणजे गालांची व मानेची सैल पडलेली त्वचा उचलून बसवण्याची शस्त्रक्रिया, केवळ त्वचा ओढण्यावर विसंबली असती, तर तिचा परिणाम फार टिकला नसता. कारण ताणलेली त्वचा पुन्हा सैलावते. मित्झ आणि पेरोनी यांनी 1976 मध्ये त्वचेखालच्या तंतुमय पडद्याचे, म्हणजे ‘स्मास’चे, वर्णन केले आणि ताणाचा भार या खोल थरावर टाकण्याची वाट रुळली.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या 24 तासांत मुख्य धास्ती त्वचेखाली रक्त साकळण्याची असते, म्हणून रक्तदाब आटोक्यात ठेवला जातो. सूज दोन-तीन दिवस वाढत जाते व मग हळूहळू ओसरते. या दिवसांत आरशातला चेहरा ना जुना असतो ना अपेक्षित, आणि शरीरापेक्षा मनाचीच परीक्षा अधिक होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. कानाभोवतीचा बधिरपणा कित्येक महिने रेंगाळू शकतो. धूम्रपानाला मात्र येथे सवलत नाही: निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उचललेल्या त्वचेचा भाग मृत होण्याचा धोका वाढतो.

पुढे वार्धक्य थांबत नाही, फक्त बदललेल्या चेहऱ्यावरून पुढे चालू राहते. वजनातील मोठे चढउतार त्वचेला पुन्हा सैल करतात, तर अतिनील किरण तिच्यातील कोलॅजेन, म्हणजे तिला घट्टपणा देणारे प्रथिन, झिजवतात. शिवाय कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो, त्यामुळे तो पक्व होईपर्यंत, साधारण वर्षभर, त्याला उन्हापासून जपावे लागते.