मापाचा गोळा

आमच्या घराण्यात गोळा हा शब्द पोटात उठणाऱ्या गोळ्यासाठी, नाहीतर आमटीतल्या गोळ्यांसाठी राखून ठेवलेला होता. साठी उलटल्यावर मी साडेचार किलो वजनाचा, निळ्या रंगाचा, तीन भोकांचा एक गोळा स्वतःच्या पैशांनी विकत घेईन, आणि तो फेकण्यासाठी वेगळी पादत्राणेही घेईन, असे एखाद्या ज्योतिष्याने सांगितले असते तर मी दिलेली दक्षिणा परत मागितली असती.

हे सारे घडले अमेरिकेत, मिल्वॉकी शहराच्या एका उपनगरात. माझा मुलगा तिथे असतो. हे गेले, आणि २०२३ च्या जुलैत तो मला सहा महिन्यांसाठी म्हणून घेऊन गेला. पुण्याच्या घराला कुलूप, किल्ली शेजारच्या वहिनींकडे आणि परतीचे तिकीट जानेवारीचे. ग्रीन कार्ड पूर्वीच झालेले होते, तेव्हा मी राहायला तिथल्या सरकारची हरकत नव्हती. हरकत होती ती माझीच.

नातवाच्या वाढदिवसाला आम्ही बोलिंगला गेलो. साठ फूट लांबीची, तेल लावलेली लाकडी वाट. तिच्या टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना. दर डावाला दोनदा गोळा टाकायचा, असे दहा डाव. सगळे अचूक पडले तर गुण तीनशे. वाटेच्या दोन्ही कडांना खोलगट पन्हळ असते, तिला तिकडे सरळ गटारच म्हणतात. माझे पहिले चारही गोळे गटारात गेले. मग नातवाने दयाबुद्धीने मुलांसाठी असतात ते कठडे वर करायला लावले, आणि माझा गोळा दोन्ही कठड्यांना टकरा देत, पुणेरी रिक्षासारखा, शेवटी सात पिना पाडून गेला. त्या पिनांचा जो खडखडाट झाला, त्याने मला काय झाले कोण जाणे! गेल्या वर्षभरात मी मोठा आवाज असा केलाच नव्हता.

मिल्वॉकीत हा खेळ म्हणजे आपल्याकडची भजनी मंडळे म्हणा ना. अमेरिकेतल्या बोलिंगची मध्यवर्ती संस्था १८९५ साली न्यूयॉर्कात स्थापन झाली खरी, पण पुढे कित्येक दशके तिचा कारभार याच गावातून चालला. इथल्या 'हॉलर हाउस' नावाच्या गुत्त्याच्या तळघरात १९०८ सालच्या दोन वाटा आहेत, आणि तिथे पिना उभ्या करायला यंत्र नाही; माणूसच त्या उचलून मांडतो. बायकांना पुरुषांच्या संस्थेत जागा नव्हती, तेव्हा १९१६ साली सेंट लुईसला चाळीस जणींनी आपली वेगळी संस्था काढली. तिची पुरुषांच्या संस्थेशी सोयरीक व्हायला २००५ साल उजाडावे लागले. हे सगळे मला सांगितले ते मंगळवारी सकाळी खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या लीगमधल्या बायकांनी. सुनेने मला तिथे नेऊन सोडले होते, आणि कोणी आजारी पडले की मी बदली खेळाडू म्हणून उभी राहू लागले होते.

बदली खेळाडूचे सगळेच भाड्याचे. तिथला गोळा, तिथले बूट. काउंटरवरचा मुलगा दर खेपेला पायाचे माप विचारायचा आणि दर खेपेला मी ते सांगायचे. मला त्यात वावगे वाटत नव्हते. पाहुण्याने पाहुण्यासारखे असावे.

ऑक्टोबरात आमच्या चमूतली एक बाई मुलीकडे राहायला दुसऱ्या राज्यात गेली. कप्तीण, वय वर्षे एक्क्याऐंशी, मला म्हणाली, "एप्रिलपर्यंत आहेस का? असलीस तर जागा तुझी." मी म्हटले, "बघते." तिने पुढे विचारले नाही. फक्त म्हणाली, "मग निदान बूट तरी घे. ते कुठेही नेता येतात."

बूट आधी आणि गोळा नंतर, हा तिचा सल्ला योग्यच होता, हे मला मागाहून समजले. भाड्याच्या बुटांना माणूस डावखुरा की उजवा हे ठाऊक नसते, म्हणून त्यांचे दोन्ही तळ सारखेच गुळगुळीत. पण उजव्या हाताने टाकणाऱ्याचे शेवटचे पाऊल डावे पडते, आणि ते रेषेपर्यंत घसरत जाऊन थांबावे लागते. उजव्याने मागे जमीन धरून ठेवायची. म्हणून चांगल्या जोडात डावा तळ घसरणारा आणि उजवा पकडणारा असतो. स्वस्तातल्या जोडात पुन्हा दोन्ही घसरणारेच. दुकानदाराने तळवे बदलता येणारा एक भारी जोडही पुढे केला. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या आजीबाईला तो कशाला? मी मधला घेतला. जन्मभर चपलेत पसरलेले माझे पाऊल मावेल असा रुंद साचा मिळेपर्यंत मात्र त्याला सहा खोकी उघडायला लावली. तुळशीबागेत तयार झालेली बाई ती, इतक्यात ऐकते काय!

आणि तिसऱ्याच मंगळवारी पडले. मध्यंतरात मी ते बूट तसेच घालून हात धुवायला गेले होते. तळाला पाण्याचा थेंब लागला असणार. परत येऊन गोळा घेऊन धावले, डावे पाऊल घसरायच्या ऐवजी जागच्या जागी चिकटले, आणि मी रेषेपलीकडच्या तेलात साष्टांग नमस्कार घातला. गुडघा सुजला, तळहात सोलवटला. रेषा ओलांडली म्हणून वर घंटा वाजली ती वेगळीच, गुण शून्य! बाहेरच्या चपला स्वयंपाकघरात आणू नका, म्हणून जिने चाळीस वर्षे घरादाराच्या मागे टुमणे लावले, तिला हे कळू नये? आता ते बूट पिशवीतून निघतात ते थेट खेळण्याच्या जागी, आणि उठायचे झालेच तर वरून कापडी खोळ चढते. असे सोवळे मी देवघरातसुद्धा पाळलेले नाही.

गुडघा बरा झाल्यावर त्याच दुकानात गोळ्यासाठी गेले. बरोबर चमूतली एक उत्साही बाई होती. तिने मला जांभळ्या-सोनेरी लाटांचा एक गोळा दाखवला. तो शेवटी वळण घेतो म्हणे. वाटेवरचे तेल साधारण पहिले चाळीस फूट असते. पुढच्या कोरड्या भागात असल्या गोळ्याचा पृष्ठभाग लाकूड पकडतो आणि गोळा एकदम आत वळतो. दिसायला फार सुंदर! पण दुकानदाराने तो माझ्या हातातून काढून घेतला. "तुमचा हात दोनदा सारखा जातो का?" त्याने विचारले. मी खरे ते सांगितले. मग त्याने साध्या प्लास्टिकचा निळा गोळा पुढे ठेवला, जवळजवळ निम्म्या किमतीचा. हा सरळ जातो. चूक झाली तर ती हाताची, गोळ्याची नव्हे. आणि पुढेमागे वळणारा घेतलाच, तरी कोपऱ्यात एकटी उरलेली पिन पाडायला हाच लागतो. जास्त किमतीचा माल हातून काढून घेणारा दुकानदार मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

वजनाचा एक ठोकताळा आहे, अंगाच्या वजनाचा दहावा भाग. त्या हिशेबाने मला बारा पौंड आले. मनगटाने नकार दिला. तिथला भाड्याचा मी आठ पौंडी वापरत होते. दुकानदार म्हणाला, भाड्याच्या गोळ्याची भोके कुणाच्याच बोटांची नसतात, म्हणून तो मुठीत आवळून धरावा लागतो आणि हलकाच घ्यावा लागतो; बोटांत नीट बसला तर दहा पौंडही जड होणार नाहीत. अंगठा दुखतो का, म्हणाला. दुखत होताच, मी ते वयावर घातले होते.

मग त्याने माझा उजवा हात हातात घेतला, बांगडी मागे सारायला सांगितली आणि मापे घेऊ लागला. अंगठ्याच्या बुंध्यापासून मधल्या दोन बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंतचे अंतर. अंगठा मागे किती वळतो. पेरे किती सुजलेली. अंगठा एकेका भोकात घालून फिरवायचा. आवळायलाही नको आणि सुटायलाही नको.

मला तुळशीबागेतला कासार आठवला. तोही असाच हात दाबून बघायचा आणि न विचारता सांगायचा, सव्वादोन की अडीच. त्यानंतर माझ्या हाताचे माप कुणी घेतलेच नव्हते. मुलाची कॉलेजातली सायकल मी पुढे दहा वर्षे सीट खाली करून शाळेत शिकवायला जाताना चालवली. रॅकेट घरात होती ती ह्यांची. छत्रीसुद्धा ह्यांचीच, लांब दांड्याची. अजून पुण्याला दाराआड आहे.

दुकानदाराने आकडे कार्डावर लिहून घेतले आणि म्हणाला, "एक लक्षात घ्या. भोके पाडली की गोळा परत घेत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा राहत नाही."

मी म्हटले, "उद्या सांगते."

त्या रात्री मी हिशेब मांडला. विमानात एका बॅगेला तेवीस किलो. त्यातले साडेचार गोळ्याचे गेले तर उरले साडेअठरा. मग वाटले, आपण हा हिशेब करतोच आहोत कशाला? पुण्यात सकाळ झाली होती. वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, घर ठीक आहे. मोरीतून झुरळं वर येतात म्हणून आठवड्याला तांब्याभर पाणी ओतून येते. तुम्ही कधी येताय?" मी म्हटले, "एप्रिल होईल." एवढे वाक्य मी मुलाला अजून सांगितलेले नव्हते, आणि शेजारणीला सांगून मोकळी झाले.

आठ दिवसांनी गोळा आला. अंगठा आत जाताना ओळखीच्या दारातून गेल्यासारखा गेला. पहिल्या खेळात गुण झाले त्र्याऐंशी. नातू छप्पन्नांना धरून बसला होता, त्याची पैज बुडाली.

दुकानदाराने बजावले होते, हा गोळा गाडीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका. तिथल्या थंडीत तडा जातो. घरातच हवा. माझ्या खोलीत कपाटाशेजारी तेवढी एक जागा होती, पण तिथे माझी प्रवासाची बॅग उभी होती, विमानतळावरची चिठ्ठी अजून दांड्याला तशीच. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, गोळ्याची पिशवी दोनदा उचलून पाहिली आणि म्हणाला, "आई, ही बॅग खाली तळघरात नेऊ का?"

मी म्हटले, "ने. चिठ्ठी तेवढी काढून टाक, फाटून कचरा होतो."