महाविद्यालयाचा गोठा

पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात जनावर आजारी पडल्यावर येते, तपासले जाते आणि मालकाबरोबर परत जाते. गोठ्यातले जनावर मात्र तिथेच जन्मते, वाढते, माजावर येते, गाभण राहते, विते आणि भाकड होते. पशुवैद्याच्या शिक्षणात गोठ्याचे स्थान या फरकातून ठरते. दवाखाना रोग दाखवतो, गोठा निरोगी जनावर दाखवतो. आणि निरोगी जनावर पुरते ओळखीचे झाल्याशिवाय रोग हाती लागत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या शिक्षणविषयक नियमांत दवाखान्याबरोबर पशुधन प्रक्षेत्रही आवश्यक धरले आहे, ते रास्तच आहे. मुंबईत ही दोन अंगे जागेनेही वेगळी झाली. १८८६ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय परळला, आजारी जनावरांच्या रुग्णालयाशेजारी उभे राहिले. गोठ्यासाठी मात्र गोरेगावला, आरेच्या परिसरात जावे लागते.

या अभ्यासक्रमाला येणारी बरीच मुले आज नीटच्या गुणांवर येतात. त्यांतल्या कित्येकांनी गाईचे दावे कधी हातात धरलेले नसते. म्हणून गोठ्यातला पहिला धडा जनावराजवळ जाण्याचा असतो. आवाज देत, जनावराला दिसेल अशा बाजूने जायचे, अंगावर हात ठेवायचा आणि मग पुढचे काम. गाय लाथ मारते ती बहुधा पुढे व बाजूला फिरवून, घोडा मारतो ती मागे. उभे कुठे राहायचे ते यावरून ठरते. हा धडा प्राध्यापकांपेक्षा गोठ्यातले जुने कामगार चांगला देतात. त्यांचे हे काम शिकवण्याचे आहे, आणि त्यांचा मान त्याच दर्जाचा असायला हवा.

यानंतर येते ते मोजणे. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट, हे पुस्तकात एका ओळीत संपते. गोठ्यात तेच तापमान सकाळी एक आणि दुपारी दुसरे भरते, वासराचे मोठ्या गाईपेक्षा थोडे जास्त असते, आणि उन्हात बांधलेल्या म्हशीचे चढलेले असते, कारण तिच्या कातडीत घर्मग्रंथी कमी. डाव्या भकाळीत मूठ दाबून उभे राहिले की कोटीपोटाची हालचाल हाताला उचलते. दोन मिनिटांत दोन-तीनदा. खाऊन रवंथ करणाऱ्या गाईंवर हा हात पुरेसा फिरला असेल, तर पुढे एखाद्या गावात मंदावलेले कोटीपोट त्या हाताला लगेच कळते.

माजाची ओळख ही तर केवळ गोठ्यातच होऊ शकते. गाय दर २१ दिवसांच्या आसपास माजावर येते आणि माज अर्धा-पाऊण दिवस टिकतो. बीज सुटते ते माज संपल्यानंतर काही तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, असा पाठ आहे. म्हशीचा माज अनेकदा मुका असतो आणि त्याची लक्षणे रात्री किंवा पहाटे अधिक दिसतात. सोट (योनीतला चिकट स्राव) पडला का, दूध अचानक उतरले का, शेजारचे जनावर हुंगते का, हे पाहायला पहाटे गोठ्यात असावेच लागते. एक माज हुकला की तीन आठवड्यांचा चारा वाया जातो. हा हिशेब शेतकऱ्याला पाठ असतो आणि डॉक्टरलाही तो असायला हवा.

विण्याची वेळ सगळ्यांत जास्त शिकवते. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिने वासराकडे जात नाहीत. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते आणि ते संरक्षण त्याला चिकातून मिळते. आतड्याची ही प्रथिने शोषण्याची क्षमता तासागणिक घटत जाते आणि सुमारे एका दिवसात संपते. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक लवकरात लवकर पाजायचा, त्यातला पहिला भाग पहिल्या दोन तासांतच. वार पडायची वाट पाहत चीक थांबवण्याची रीत अजून कित्येक गावांत आहे. ज्या विद्यार्थ्याने रात्री जागून वासराला चीक पाजला आणि नंतर महिनोन्महिने त्याच वासराचे वजन नोंदवहीत लिहिले, तो ही रीत मोडायला सांगताना अडखळत नाही.

ही नोंदवही गोठ्याचा कणा आहे. रेतनाची तारीख, गाभण तपासणी, वेत, दूध, लसीकरण, मृत्यू आणि त्याचे कारण, सगळे तिच्यात. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवस आणि म्हशीचा सुमारे ३१०, म्हणजे रेतन करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या कामाचे फळ त्याच शिक्षणकाळात दिसते. दवाखान्यात ते सहसा दिसत नाही.

कळप कोणता ठेवावा, याचाही विचार हवा. उदगीर हा देवणी गाईंचा मुलूख; तिथल्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला देवणी, लाल कंधारी आणि उस्मानाबादी शेळी हाताखालून गेलेली असावी. संकरित गाय जास्त दूध देते म्हणून गोठा तिनेच भरला, तर पदवीधराला त्याच्याच भागातली जनावरे अनोळखी राहतात.

इथेच गोठ्याची खरी ओढाताण सुरू होते. दुधाच्या विक्रीवरून त्याचे मूल्यमापन होऊ लागले की शिकाऊ हात नकोसे होतात. अंगठा मुडपून पिळणारा विद्यार्थी सडाला इजा करतो, पान्हा चार-सहा मिनिटांचाच असतो आणि संथ हाताने दूध कासेत राहते. हे नुकसान खरे आहे, पण ते शिक्षणाच्या खर्चात धरायला हवे. उलट बाजूही तितकीच खरी. गुदमार्गातून गर्भाशय चाचपण्याचा सराव एकाच गाईवर तुकडीभर मुलांनी केला तर आतडे सुजते, रक्त येते. आधी प्रतिकृतीवर आणि कत्तलखान्यातून आणलेल्या अवयवांवर हात बसवावा, मग एका गाईमागे मोजकीच मुले आणि त्या गाईला पुढे विश्रांती, हा नियम वेळापत्रकातच लिहिलेला असावा. पहाटेचा माज पाहण्याचा तासही त्यातच हवा, आणि त्यासाठी वसतिगृह गोठ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे लागते.