शंकूची मागची बाजू

जिओजेब्रा या भूमितीच्या प्रोग्रामची खिडकी उघडली आणि क्षणात मिटली. शेजारची दहावीतली मुलगी महत्त्वमापनाचा धडा उघडून बसली होती. "मावशी, शंकू कुठं गेला?"

संगणक जुना. त्यावरचं लिनक्स नुकतंच नव्या आवृत्तीवर नेलेलं. टर्मिनलमधून चालवून पाहिलं तर जावाने ओळींचा ढीग ओतला. असा ढीग खालून वर वाचत जायचा, 'कॉज्ड बाय' लिहिलेल्या शेवटच्या ओळीपासून. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: या एक्स11 उपकरणावर ओपनजीएलचं प्रोफाइलच उपलब्ध नाही. शंकूचं सगळं गणित तयार, फक्त तो काढायला जागा नाही.

मला दादांचा फळा आठवला. मस्तगड किल्ल्याजवळच्या शाळेत ते भूमिती शिकवायचे. शंकू काढताना तळाचा पुढचा कंस एका दमात सलग ओढायचे, आणि मागच्या कंसापाशी हात मंदावायचा. खडू टेकवायचा, उचलायचा, टेकवायचा. "तो आहेच तिथे. आपण पुढच्या बाजूला उभे आहोत, एवढंच," म्हणायचे. कॉलर खडूने पांढरी झालेली असायची.

जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टरने साल्झबुर्गमध्ये 2001 च्या सुमारास लिहायला घेतलं. त्याची त्रिमिती 2014 च्या पाचव्या आवृत्तीत आली. मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा शंकूचा मागचा कंस आपोआप तुटक आला. शंकू फिरवला की सलग तुटक व्हायचं, तुटक सलग. दादा तेव्हा नव्हते. मी बराच वेळ नुसता शंकू फिरवत बसले होते.

म्हणूनच "आता नवीन मशीन घ्या" हा सल्ला मला सहन होत नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत अशीच जुनी यंत्रं आहेत. त्यांच्यातलं काय बिघडलं हे न बघताच त्यांना भंगारात काढणं मला निष्काळजीपणाचं वाटतं.

इथे बिघाड जावाचा नव्हताच. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलकडे केव्हाच पाठ फिरवली होती. तिच्या ड्रायव्हरची लायब्ररी मागे राहिलेली, कर्नलमधलं मॉड्यूल मात्र नव्या आवृत्तीत गेलेलं. जावा ओपनजीएलसाठी जोगल या दुव्याला विचारी, जोगल त्या लायब्ररीला, आणि पुढे उत्तर द्यायला कोणी नाही. ते अवशेष काढले, मेसा, म्हणजे ओपनजीएलचा मुक्त अवतार, पुन्हा बसवलं आणि 'जीएलएक्सइन्फो' चालवलं. रेंडररच्या ओळीत नाव आलं: एलएलव्हीएमपाइप. म्हणजे कार्ड बाजूला, आता प्रत्येक ठिपका खुद्द प्रोसेसर मोजून काढणार. सावकाश, पण शंकूपुरतं भरपूर.

मेसा ब्रायन पॉलने ऑगस्ट 1993 मध्ये फावल्या वेळात लिहायला घेतलं. वाटण्याआधी त्याने ओपनजीएल बनवणाऱ्या सिलिकॉन ग्राफिक्सची परवानगी मागितली आणि फेब्रुवारी 1995 मध्ये पहिली आवृत्ती सर्वांना दिली. पुढे डिसेंबर 2021 मध्ये मेसाच्या मूळ शाखेतून जुने ड्रायव्हर निघाले, पण फेकले गेले नाहीत. 'अंबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले गेले. असं जुनं जपणाऱ्या माणसांबद्दल मला घरच्यांसारखी माया वाटते.

शंकू आला. मुलीने त्याला छेदणारं प्रतल तिरकं केलं. वर्तुळाचं लंबवर्तुळ झालं. आणखी तिरकं करत शंकूच्या कडेला समांतर नेलं तेव्हा वक्र एका बाजूने उघडला. "हा बंद का होत नाही?" मी पॅराबोला सांगायला लागले, तोवर ती शंकू उलटा करून आतून बघत होती. "ही तर विहीर."

विहीर म्हणताच मस्तगड आठवला. तो आसफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने 1725 मध्ये बांधला, बालेकिल्ल्यात फारसी शिलालेख आहे, एवढं शाळेत पाठ केलेलं. पण खरी नवलाची आहे ती त्यातली विहीर. तिच्या पोटातच सज्जे आणि खोल्या कोरलेल्या आहेत. काठावरून खोल्या दिसत नाहीत. दादांच्या फळ्यावर त्या सगळ्या तुटक रेषांनी आल्या असत्या.

मुलीला हे सांगितलं, तर शंकू राहिला बाजूला. ती विहीर काढू म्हणाली. आधी मोठा दंडगोल, मग त्यातून खोल्यांचे घन वजा करायचे. तिने वहीत मापांचा तक्ता आखला: काठाचा व्यास, सज्जाची रुंदी, दोन मजल्यांमधलं अंतर. टेप मी नेणार, दोरी ती.