सुई, दोरा आणि सातपुडा

बालमित्रांनो, नकाशाची वही उघडा आणि महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यावर बोट ठेवा. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, उत्तरेच्या टोकाला नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि खाली तापी. हा आमचा नंदुरबार जिल्हा! १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे ६ तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथे दर १०० माणसांमागे सुमारे ६९ माणसं आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा त्यांच्या जमाती.

नंदुरबार म्हटलं की कुणी लाल मिरचीचं नाव काढतं, कुणी १९४२ साली तिरंग्यासाठी गोळी झेलणाऱ्या बाल शिरीषकुमारचं. कुणी तोरणमाळची थंड हवा सांगतं, तर कुणी सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा. ते सगळं तुम्ही बघाच. आज मात्र आपली सहल जरा वेगळी आहे. इथली माणसं आपल्या हातांनी घरीच काय काय शिवतात, सांधतात आणि बनवतात, ते बघायला आपण निघालो आहोत. चला तर!

बाजारातलं पायमशीन

पहिला मुक्काम आठवडे बाजार. मिरची, कांदे, सुकी मासळी, मातीची मडकी यांच्या गर्दीत एक छोटं दुकान जमिनीवरच मांडलेलं असतं. सुया, दोऱ्याची रिळं, बटणं, नाड्या, पिना, कंगवे, आरसे. या दुकानापाशी गर्दी कायम! जवळच एखादे शिंपीकाका पायमशीन घेऊन बसलेले असतात. कुणाची पिशवी फाटली, कुणाच्या परकराची शिवण उसवली, कुणाच्या पोराची चड्डी सैल झाली. बाजार होईपर्यंत काम तयार.

त्या मशीनची सुई कधी नीट बघितली आहे का? आपल्या हातशिलाईच्या सुईचं नेढं वरच्या, बोथट टोकाला असतं. मशीनच्या सुईचं नेढं मात्र खाली, टोकदार बाजूला! इलियास होवे नावाच्या अमेरिकन माणसाने १८४६ साली अशी सुई वापरणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. वरचा दोरा रिळातून येतो, खालचा बॉबिनमधून. दोघे कापडाच्या आत एकमेकांत अडकतात आणि टाका पक्का बसतो. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या मशीनचं पेटंट घेतलं आणि ही मशीन जगभर पोचली. यंत्रांविषयी सावधपणे बोलणाऱ्या गांधीजींनीसुद्धा शिवणयंत्राला मोजक्या उपयोगी यंत्रांत जागा दिली होती.

घाट चढल्यावर थंडी भेटते

आता एस.टी.त बसा. तळोदा गेलं, अक्कलकुवा गेलं, की देवगोईचा घाट लागतो. वळणामागून वळण! वर मोलगीचा परिसर. हिवाळ्यात इथली थंडी म्हणजे काय विचारता! डाब नावाच्या गावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही असं आपण म्हणतो खरं, पण गोठलेलं दव बघायला हिमालयात जावं लागत नाही.

अशा थंडीत कुडाच्या घरात ऊब कशाची? शेकोटीची आणि गोधडीची.

गोधडी तुमच्याही घरी असेल. पण ती कशी होते ते कधी पाहिलं आहे? जुन्या सुती साड्या, धोतरं, सदरे आधी स्वच्छ धुऊन वाळवायचे. जमिनीवर एक धड साडी पसरायची. तिच्यावर विरलेल्या कापडांचे तुकडे एकाशेजारी एक, सुरकुती न ठेवता लावायचे. असे थरावर थर. सगळ्यांत वर पुन्हा एक चांगली साडी. मोठमोठे कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं आणि मग सुरू होतो धावदोरा. आजी एका कडेला, काकू दुसऱ्या कडेला. गप्पा चालू, सुई चालू. एका गोधडीत हजारो टाके जातात आणि दुपारच्या फुरसतीत काम केलं तर कित्येक दिवस लागतात.

आता विज्ञानाचा प्रश्न. गोधडीत ऊब येते कुठून? ती काही गरम नसते! कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. म्हणून आपल्या अंगाची ऊब आतच राहते. टाके फार आवळले तर थर दबतात, हवा कमी राहते आणि गोधडी कडक होते. आजीबाईंनी हे पुस्तकात वाचलेलं नसतं, पण त्यांच्या बोटांना ते ठाऊक असतं. घडी सरकणारी, गुळगुळीत नायलॉनची साडी त्या आतल्या थराला घेत नाहीत, तेही त्यामुळेच. सुती कापड एकमेकांना धरून राहतं आणि वापरून वापरून आणखी मऊ होतं.

या गोधडीचं आणखी एक मोठं काम आहे. दिवाळीनंतर आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. पुढचे काही महिने शेताच्या कडेला खोपटं बांधून राहायचं. सोबत न्यायचं सामान थोडंच: भांडी, कोयता, पीठ आणि गोधड्या. घर मागे राहतं, शाळा मागे राहते, पण आजीने शिवलेली गोधडी सोबत जाते. तिच्यात आईच्या लग्नातली साडी असते, बाबांचा जुना सदरा असतो. उघड्या रानात ती पांघरली की पोराला घरी झोपल्यासारखं वाटतं.

गोधडीची नातलग मंडळी दूरदूर पसरलेली आहेत बरं का! बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात. राजस्थान आणि सिंधमध्ये रल्ली शिवतात. जपानच्या उत्तरेकडच्या थंड भागातले गरीब शेतकरी ठिगळावर ठिगळ लावून कपडे वापरत. त्या कपड्यांना ‘बोरो’ म्हणतात आणि आज ते संग्रहालयांत जपून ठेवले आहेत.

काठीची होळी

मोलगीजवळच काठी हे गाव आहे. पूर्वी हे एक छोटं संस्थान होतं. इथली राजवाडी होळी सगळ्या सातपुड्यात प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल वाजतात, माणसं नाचतात आणि पहाटे उंचच उंच बांबूची होळी पेटते. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात.

पण आपण तिथे आलो आहोत तो पोशाख बघायला! नवस केलेले पुरुष ‘बावा’, ‘बुध्या’ होऊन नाचतात. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्याला मोरपिसं आणि रंगीत कागद. अंगावर राखेची नक्षी. कमरेला वाळवलेले भोपळे आणि मोठे घुंगरू. हे सगळं तयार दुकानातून आणलेलं नसतं. बांबू चिरणं, कामट्या तासणं, त्या वाकवून बांधणं, भोपळे वाळवणं, दोरीत ओवणं ही कामं माणसं स्वतः करतात. मुलं शेजारी बसून बघतात आणि बघता बघता शिकतात. आता सांगा, ओवणं, बांधणं, सांधणं ही काय फक्त मुलींची कामं आहेत?

आमच्या वर्गातला डबा

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. एकदा माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. आजारी असेल म्हणून मी घरी गेलो, तर स्वारी अंगणात गोट्या खेळत होती! विचारलं तर खाली मान. शेवटी त्याची आजी म्हणाली, “गुरुजी, शर्टाची बटणं तुटली त्याच्या, बाहीखाली उसवलंय. पोरं हसतात म्हणतो.”

दोन बटणं आणि वीतभर उसवलेली शिवण. एवढ्यासाठी दोन दिवसांची शाळा बुडाली होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक रिकामा बिस्किटांचा डबा आणला. त्यात ४ सुया, काळा-पांढरा दोरा, जुनी बटणं आणि एक कात्री. मधल्या सुट्टीत मी त्या मुलाच्या शर्टाला बटण लावायला बसलो, तर सगळा वर्ग भोवती जमला.

“गुरुजी, तुम्हाला शिवता येतं?”

“येतं की! डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला शिकलो.”

“पण ते तर बायकांचं काम!”

“मग बाजारातले शिंपीकाका कोण? तुझी चप्पल शिवणारे दादा कोण?”

पोरं हसली. दुसरं बटण त्या मुलाने स्वतः लावलं. जरा वाकडं बसलं, पण बसलं! महिन्याभरात निम्म्या वर्गाला बटण लावता येऊ लागलं. कुणाचं दप्तर फाटलं की आता कुणी हसत नाही. “डबा आण रे,” एवढंच ऐकू येतं.

शाळेत हातांनाही शिकवायला हवं, हा विचार जुनाच आहे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. मुलांचं शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायातून व्हावं, असं गांधीजींनी तिथे मांडलं. त्यालाच ‘नई तालीम’ म्हणतात. टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल आणि इतिहास शिकायचा!

या सुट्टीत करून पाहा

बटण: दुहेरी दोरा घ्या, शेवटी गाठ मारा. बटणाखाली आगपेटीची काडी आडवी ठेवून टाके घाला. मग काडी काढून घ्या, बटण थोडं उचला आणि त्याच्या खाली दोऱ्याचे ३–४ वेढे देऊन गाठ मारा. बटणाला मान मिळते आणि काजातून ते सहज जातं.

उसवलेली शिवण: इथे धावदोरा पुरत नाही, उलटी टीप घाला. सुई एक पाऊल मागे घाला आणि दोन पावलं पुढे काढा. ही शिवण पक्की बसते.

ठिगळ: भोकापेक्षा सगळीकडून २ सेंटिमीटर मोठा तुकडा कापा. कापड नवं असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पुढे ते आटेल आणि कपडा चुणेल. कडा आत दुमडून बारीक टाके घाला.

छोटी गोधडी: ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे सुती कापडाचे ५ तुकडे एकावर एक ठेवा. दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोऱ्याच्या ओळी घाला. झालं तुमचं बसायचं आसन!

दोन नियम मात्र पाळा. सुई तोंडात धरायची नाही आणि काम संपलं की सुया मोजून डब्यात ठेवायच्या. धाकटी भावंडं घरात फिरत असतात ना!

आणि पालकहो, एक विनंती. बाजारात नवा शर्ट स्वस्त मिळतो, हे खरं आहे. तरीही तुटलेलं बटण मुलाच्या हातात द्या, मुलीच्या द्याच, पण मुलाच्याही द्या. पहिल्यांदा टाके वेडेवाकडे येतील. ते उसवून पुन्हा घालू नका, तसेच राहू द्या. स्वतः शिवलेली वस्तू मूल सहसा टाकून देत नाही.

मुलांनो, आजी घरी असेल तर तिची गोधडी आज अंगणात पसरा. तिच्यात कुणाकुणाचे कपडे आहेत, ते तिला एकेक तुकडा दाखवून विचारा. तुमच्या घराचा इतिहास तिच्यात शिवलेला सापडेल.