मुठीचं लाकूड

ओबर्नडोर्फ हे जर्मनीतलं, नेकर नदीकाठचं बंदुका घडवणाऱ्यांचं गाव. तिथल्या फाइनवेर्कबाउ कंपनीने १९६५ साली आणलेलं ‘मॉडेल ६५’ हे एअर पिस्तूल कॉलेजात असताना माझ्याकडे आलं. एका ज्येष्ठ नेमबाजांनी खेळ थांबवला होता. नळी, चाप, दांडी ओढून ताणायची स्प्रिंग, सगळं ठणठणीत. मूठ मात्र त्यांच्या हाताची होती. अंगठ्याचा खळगा माझ्या अंगठ्याच्या पुढे, आणि तळहाताखाली मोकळी जागा.

दहा मीटरवरच्या निशाण्यात दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा असतो. पिस्तूल एका हाताने धरायचं, कशाचाही आधार न घेता. मुठीत पोकळी राहिली की बोटं नकळत आवळतात, आणि चाप दाबताना नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेतून सरकते. एका अंशाचा फरक दहा मीटरवर सुमारे १७ सेंटिमीटर होतो. निशाण्याचा अख्खा कागदच तेवढा असतो. नव्या खेळाडूंचं सगळं लक्ष नळीकडे असतं. नेम चुकतो तो लाकूड आणि कातडी यांच्यामधल्या त्या पोकळीत, असं मी तेव्हापासून मानत आले आहे.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून शिसवीचा तुकडा आणला. पटाशीने ढोबळ आकार काढला आणि पुढचं सगळं कानशीवर सोपवलं. तळहाताला काजळ फासून मूठ धरायची. डाग उमटला तिथे घासायचं, कोरं राहिलं तिथे भुसा आणि एपॉक्सी भरायचं. मग डोळे मिटून हात उचलायचा, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध दिसेपर्यंत हेच. नियमही सांभाळायचे: मुठीने हाताला वेढा घालायचा नाही, मनगटाला टेकू द्यायचा नाही. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या या कामाने मला माझा हात पहिल्यांदा नीट दाखवला. करंगळीच्या बाजूचा तळवा किती भरीव आहे, हे आधी कधी जाणवलंच नव्हतं.

बाळंतपणानंतर बोटं जाडावली, तेव्हा दोन्ही बाजू पुन्हा घासल्या. चाळिशीनंतर अंगठ्याचा सांधा दुखू लागला, तर त्याचा टेका थोडा खाली घेतला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण जिंकलं, नेमबाजीत असं करणारी पहिली भारतीय महिला. त्या रात्री टीव्हीवर मी तिचा चेहरा कमी आणि मनगट जास्त पाहत होते.

आता लेकीला शिकायचं आहे. ती डावखुरी आहे, त्यामुळे माझी मूठ तिच्या कामाची नाही. शिसवीचा नवा तुकडा आणून ठेवलाय. काजळ तिने स्वतःच फासायचं, असं ठरलंय. कानस दोघी आलटून पालटून चालवू.